आक्काचा वन्समोर

परवा सकाळी दोरीवरची पांढरी ओढणी काढायला गेले तर तिच्यावर बारीक बारीक काळे ठिपके. बोट लावलं की पसरतात, झटकलं की अजून पसरतात. आई आतनं म्हणाली, "लागला वाटतं कारखाना." आमच्या कोडोलीत साखर कारखान्याचा हंगाम असाच कळतो. पेपरात बातमी यायच्या आधी दोरीवरच्या कपड्यांवर काजळी येते. दुपारपर्यंत मळीचा वास येतो, गोड आणि जरासा कुजका. पावणी मंडळी नाकाला रुमाल लावतात आणि आम्हाला कळतच नाही ह्यांना झालंय काय. संध्याकाळी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरमागं दोन दोन, आणि ट्रॅक्टरवर एवढ्या मोठ्यानं गाणी की घरातली भांडी थरथरतात.

मी ओढणी परत धुवायला टाकायची सोडून तिथंच हुंगत उभी राहिले. कारण ह्या वासानं माझ्या पोटात थेट तिसरी घंटा वाजते. नाटकाची तिसरी घंटा, जी झाली की पडदा वर जातो आणि मग मागं फिरता येत नाही. दोन वर्षांमागं ह्याच हंगामात आम्ही ते चार बहिणींचं संगीत नाटक केलतं. तेव्हापासनं मी ते कुणाला ना कुणाला सांगतेच आहे. आज तुमचा नंबर.

कादंबरी परदेशातली, लई जुनी, जगभर गाजलेली. चार बहिणी, त्यांची आई, आणि बाप लढाईवर गेलेला. आमच्या गौरीमॅडमनी ती उचलली आणि सरळ पंचगंगेकाठच्या एका गावात आणून ठेवली. बाप फौजेत, म्हणजे आपल्याकडं दर चार घरांमागं असतो तसाच. बर्फाच्या जागी धुकं आलं, पियानोच्या जागी पेटी आली, शेजारच्या श्रीमंत म्हाताऱ्याच्या जागी रिटायर्ड सुभेदार आले. थोरलीला नटायची आवड, दुसरी भांडकुदळ आणि सारखी काहीतरी खरडत बसणारी, तिसरी गप्प आणि गाणारी, धाकटी लाडावलेली. तिसरी आजारी पडते आणि दुसऱ्या अंकात मरते. हे आधीच सांगून टाकते, कारण सगळं त्या मरणावरच आहे.

मी दुसरी. मला गाता येत नाही, त्यामुळं संगीत नाटकात असूनही मला नुसते संवाद. आप्पा म्हणायचे, "हिला गाणं दिलं तर प्रेक्षक उठून बापाच्या मदतीला लढाईवर जातील."

आप्पा म्हणजे आमचे पेटीवाले. पिकलेल्या मिशा, गळ्यात मफलर, खिशात कायम लवंगा. तरुणपणी संगीत नाटकांच्या कंपनीबरोबर गावोगाव हिंडलेले. पेटीपुढं बसले की डोळे मिटायचे आणि मग त्यांना कुणाचंच ऐकू यायचं न्हाय. मॅडमचं तर मुळीच न्हाय. गौरीमॅडम पुण्याहून नाटक शिकून आल्या होत्या, वयानं आमच्याहून फार मोठ्या नव्हत्या, आणि त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीचं कारण होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी आमची भाषा दुरुस्त करायला घेतली. आम्ही कोल्हापूरकडच्या पोरी बोलताना सरळ 'मी आलो, मी गेलो' म्हणतो. लिहिताना मी आत्ता शहाण्यासारखं 'आले, गेले' लिहितेय ते सोडा. मॅडम म्हणायच्या, "अगं, आले म्हण, आले." आणि थोरलीचं काम करणारी रेश्मा, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, तोंडाला लगाम नसलेली, म्हणायची, "मॅडम, आल्यालं बास की, कसं आलो त्यात काय हाय?" दुसऱ्या आठवड्यात मॅडमनीच वही मिटली आणि चारही बहिणी आमच्यासारख्या बोलायला लागल्या. मला वाटतं, नाटक खरं तर त्या दिवशी सुरू झालं.

तालमी कुठं, तर तालमीतच. म्हणजे मंगळवार पेठेतल्या एका कुस्तीच्या तालमीची माडी आम्हाला मिळालती. खाली पैलवान, वर आम्ही. खालून तांबड्या मातीचा आणि तेलाचा वास यायचा, आणि आमच्या 'सा'च्या बरोब्बर मधे कुणीतरी शड्डू ठोकायचा. आप्पा तेवढ्यापुरते थांबायचे, मान डोलवायचे, आणि पुढं वाजवायचे, जणू तबलजीनंच जागा घेतलीय. पैलवानांनी आम्हाला कधी बघितलं नाही आणि आम्ही त्यांना फारसं बघितलं नाही. पण त्यांना आमची सगळी गाणी पाठ होती आणि आम्हाला त्यांच्या वस्तादांच्या सगळ्या शिव्या.

आता आक्का.

आक्का म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. ती नाटकात नव्हतीच. ती आलती माझ्या सोबतीला. तालीम सुटायला अंधार पडायचा आणि हंगामात कोडोलीच्या एसटीचा भरवसा नाही, पुढं ट्रॉल्यांची रांग लागली की गाडी मुंगीसारखी. आई म्हणाली, "एकटी जाणार असशील तर नाटकबिटक काय न्हाय. आक्काला घेऊन जा." आक्का तशी घरीच होती. कॉलेज झालेलं, गळ्याचं ऑपरेशनपण झालेलं. थायरॉईडची गाठ काढलेली. गळ्यावर आडवी लाल रेघ, आणि तिच्यावर कायम स्कार्फ, मे महिन्यातसुद्धा.

आणि ऑपरेशनच्या आधीची आक्का कोण होती हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. आमच्या वस्तीत जयंतीचा स्टेज लागायचा आणि पहिलं गाणं आक्काचं असायचं. फ्रॉक घालायची तेव्हापासनं. भीमगीतं म्हणायला लागली की विहारासमोरची माणसं उभीच राहायची, खुर्च्या असून. ती वरच्या सुराला गेली की मागच्या गल्लीतली कुत्री भुंकायची थांबायची, हे मी वाढवून सांगत नाही, आमच्या काकांनी बघितलंय. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, बोलायचा आवाज येईल, गाण्याचं हळूहळू बघू, वरचे सूर येतील किंवा नाही येतील, सांगता येत नाही. त्यावर आक्कानं बघितलंच नाही. पुढच्या दोन जयंत्यांना ती स्टेजच्या मागं खुर्च्या मोजायला उभी राहिली. कुणी गाण्याचं काढलं तर हसून म्हणायची, "माझं झालं आता, बारक्यांना गाऊ द्या." घरात भांडी घासतानासुद्धा गुणगुणायची नाही. आमचं घर एकदम रेडिओ बिघडल्यासारखं झालतं, आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

तर ही आक्का माडीच्या कोपऱ्यात सतरंजीवर बसायची, मोबाईल बघत. आणि मग तिसरीचं काम करणाऱ्या पोरीला बँकेत नोकरी लागली, लांब कुठंतरी पोस्टिंग. ती पेढे देऊन, रडून, गेली. मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. आप्पांनी डोळे उघडले, कोपऱ्यात बघितलं आणि म्हणाले, "ती पोरगी गाती."

मी म्हटलं, "आप्पा, ती माझी आक्का हाय. ती गात न्हाय."

"गाती. मगाशी मी मुद्दाम एक सूर चुकीचा लावला. तुम्ही सगळ्या नुसत्या टाळ्या वाजवत बसलाय, हिच्या तोंडावर आठी पडली." मग आक्काला म्हणाले, "उठ ग बाळ."

आक्का म्हणाली, "आप्पा, माझा आवाज गेलाय."

"गेलाय म्हंजे कुठं गेलाय? कबनूरला?"

कबनूर का, तर त्यांची थोरली लेक तिथं दिलीय आणि आप्पांच्या मते जगातली प्रत्येक हरवलेली वस्तू, छत्री, चष्मा, डबा, शेवटी कबनूरलाच सापडते. आम्ही सगळ्या हसलो. आक्कापण हसली. आणि हसता हसता तिनं स्कार्फ नीट केला, म्हणजे ती घाबरली होती.

ती उठली कशी, हे मला अजून कळलेलं नाही. मला वाटतं, आप्पांनी विनवणी केली असती तर ती उठली नसती. ते नुसते वाजवत राहिले. खालच्या पट्टीत, हळू, जणू कुणी गाणारच नाहीये. तिसरीचं शेवटचं गाणं. मॅडमचे शब्द, आप्पांची चाल: "दार लोटू नका गं, मी अजून अंगणात आहे." आक्का सतरंजीवरच बसून गायली. आवाज जाडसर, जरा खरखरीत, मधेच हवा निघाल्यासारखा. आणि तरी खाली शड्डू थांबला.

पण 'अंगणात' हा शब्द वर चढतो. आप्पांनी तिथं एक जागा ठेवलेली, जिन्याच्या शेवटच्या पायरीसारखी, तिथं सूर जाऊन उभा राहायचा आणि मगच खाली यायचा. आक्का तिथपर्यंत गेली आणि गप्प बसली. गळ्याला हात लावला. "तिथं न्हाय जात," म्हणाली.

आप्पा म्हणाले, "मग नगं जाऊ." आणि त्यांनी चाल वळवली. वर जाता जाता सूर अलगद खाली उतरायचा. ऐकणाऱ्याला कळायचंही नाही. फक्त आम्हाला कळायचं. आणि खाली वस्तादांना. एक दिवस जिन्यात आम्ही चपला घालत होतो आणि ते बादली घेऊन चाललेले. आप्पांना म्हणाले, "पेटीवाले, गाणं झ्याक हाय. पण ती पोरगी पट काढती आणि मधनंच सोडून देती. चितपट कधी करणार?"

आप्पा म्हणाले, "वस्ताद, तुमी तुमची माती बघा."

आक्का शेजारीच उभी होती. चपलेचा पट्टा लावत. वस्तादांना माहीतच नव्हतं की ती पोरगी हीच.

त्या दिवसांचा विचार करते तेव्हा मला क्रमानं काही आठवत नाही, सगळं एकदम आठवतं. धुक्यात एसटीच्या पुढं चाललेली ट्रॉली आणि तिच्या मागं लटकून ऊस ओढणारी शाळेची पोरं. एसटीच्या काचेवर आक्कानं बोटानं काढलेलं 'सा रे ग'. उसाचे तुरे, दुपारच्या उन्हात पांढरे, एवढे हलके की वारा नुसता ऐकू आला तरी हलतात. एका रविवारी अख्खा ग्रुप कोडोलीच्या गुऱ्हाळावर आलता. काहिलीतला रस फुगून वर आलेला, त्याची वाफ तोंडावर, आणि रेश्मा गरम गूळ तोंडात घालून नाचत होती कारण थुंकता येईना आणि गिळता येईना. आप्पांनी काकवीची बाटली भरून घेतली आणि आक्काच्या हातात दिली. "रोज सकाळी एक चमचा. औषध नव्हं, लाच हाय. गळ्याला द्यायची." मी तिला विचारलं, फरक पडतो का. ती म्हणाली, "गळ्याला न्हाय पडत. आप्पांना पडतो."

आणि घर. पप्पा कारखान्यात, म्हणजे हंगामात पप्पा असून नसल्यासारखे. पाळी, झोप, पाळी. जेवणाचा डबा घेऊन जाताना आणि रिकामा आणताना तेवढे दिसायचे. घरात आई, आक्का आणि मी. संध्याकाळी चुलत्याची बारकी पोरगी अभ्यासाला यायची, तिला धरून चौघी. रात्री जेवताना मी संवाद म्हणायचे, आई भाकरी थापत मधेच बोलायची, "ह्या तुझ्या नाटकातल्या आईला काम न्हाई व्हय? सारखी उपदेश करत बसलीय." तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती परदेशातली बाई कुठल्या थंडीत बसून लिहीत होती माहीत नाही, पण तिनं बाप लांब असलेल्या घरातला आवाज नेमका ऐकला होता. बायकाच बायका, थोडं भांडण, थोडी गाणी, आणि कुणीतरी सतत दाराकडं बघतंय.

आता वन्समोरचं भांडण. हे नीट सांगायला पाहिजे.

जुन्या संगीत नाटकात प्रेक्षकांना गाणं आवडलं की 'वन्समोर' ओरडायची पद्धत. आणि ओरडले की नटानं गाणं परत म्हणायचं. मग तो राजा असो, भिकारी असो, लढाईवर निघालेला असो. गौरीमॅडमना हे मंजूर नव्हतं. तिसरीचं गाणं संपलं की आक्कानं माझ्या मांडीवर मान टाकायची, दिवा मंद व्हायचा, आणि मग पूर्ण शांतता. त्या शांततेसाठी मॅडम जीव टाकायच्या. त्यानंतर माझं एकच वाक्य, तिसरीचा हात हातात घेऊन: "आई, हिचा हात गार पडला गं." आणि पडदा.

आप्पांनी विचारलं, "आणि वन्समोर आला तर?"

"येणार नाही आप्पा. ती मेलेली आहे."

"मेली म्हणून काय झालं? पब्लिकनं मागितलं तर द्यावं लागतं."

"आप्पा, मेलेली मुलगी उठून गाईल?"

"गाईल आणि परत मरंल की. आमच्या कंपनीत एक सरदार होता, तो तीन वेळा मरायचा. तिसऱ्यांदा लोकं जास्त रडायची."

रेश्मा म्हणाली, "मॅडम, त्याचं पगाराचं पाकीट डबल होतं का विचारा."

मॅडमनी सगळ्यांसमोर आप्पांकडून कबूल करून घेतलं: गाणं संपलं की पेटीचा भाता बंद, हात मांडीवर. आप्पांनी लवंग तोंडात टाकली आणि मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, ह्यावर आमच्यात नंतर बराच वाद झाला.

परतीच्या एसटीत मी आक्काला हसत हसत विचारलं, "खरंच आला वन्समोर तर?" ती खिडकीतनं बाहेर बघत होती. म्हणाली, "मयू, माझ्याकडं एका गाण्यापुरताच आवाज हाय. एकदा म्हटलं की गळा चिरल्यासारखा होतोय. दुसऱ्यांदा माझ्यानं होणार न्हाय. आणि तिथं आपली सगळी वस्ती येणार हाय." एवढं ती त्या अख्ख्या दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलली. मला तेव्हा कळलं की ती नाटकाला नाही घाबरत. ती घाबरतेय वस्तीला, जी तिला पूर्वी उभं राहून ऐकायची. त्यांच्यासमोर आवाज फाटला असता तर तिनं परत तोंड उघडलं नसतं, आयुष्यभर. मी म्हटलं, "कोण वन्समोर मागतंय मरणाला, येडी हाईस काय?"

प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी वस्तीतनं दोन जीपा भरून आल्या. आई पुढून तिसऱ्या रांगेत, नवं लुगडं. पप्पांची पाळी सुटायला उशीर होता, येतो म्हणालते, पण खुर्ची रिकामीच. आणि पहिल्या रांगेत, बघते तर, पांढऱ्या टोप्या आणि मोडलेल्या कानांची रांग. वस्ताद आणि त्यांचे पैलवान. अंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून, हात गुडघ्यांवर, जणू फोटो काढायला बसलेत. वर्गणी काढून तिकिटं घेतलेली. रेश्मा विंगेतनं बघून म्हणाली, "आज एखाद्याची हाडं मोडणार." तिसरी घंटा झाली.

पहिला अंक कसा गेला मला माहीत नाही. हशा आठवतो. सुभेदार पेटी घेऊन येतात तेव्हा टाळ्या आठवतात. मग दुसरा अंक, खाट, शाल, निळसर उजेड, आणि आक्का गायला लागली.

ती छान गायली. खरखरीत, हळू, आणि ठरल्याप्रमाणं 'अंगणात'वर वळली, खाली उतरली. मान माझ्या मांडीवर आली. दिवा मंद झाला. शांतता पडली, मॅडमना हवी होती तशी, अख्खं नाट्यगृह श्वास धरून. मी हात हातात घेतला. तोंड उघडलं.

आणि पहिल्या रांगेतनं वस्तादांचा आवाज आला. मैदानात कुस्ती पुकारतात तसा. "वन्समोर."

मग मोडक्या कानांची अख्खी रांग. मग मागची रांग. मग आमच्या जीपातली माणसं, ती तर जयंतीला ओरडायची तशीच ओरडायला लागली. विंगेत मॅडम दोन्ही हातांनी नको नको करत होत्या, प्रेक्षकांना की आम्हाला की देवाला, कळायला मार्ग नव्हता. आणि आप्पा. आप्पांचे डोळे मिटलेले. आयुष्यभर कानावर तो शब्द पडला की हात जे करायचे तेच हातांनी केलं. भाता उघडला. पेटी सुरू झाली. पुढं लाईटवाला बिचारा, त्यानं पेटी ऐकली आणि उजेड परत आणला.

माझ्या मांडीवर आक्काचं अंग थरथरत होतं. मला वाटलं रडतेय. मग कळलं, हसतेय. डोळे मिटलेले, ओठ दाबलेले, मेलेली मुलगी शालीत हसतेय. मी ओठ न हलवता म्हटलं, "आक्का, पडून रहा. मी वाक्य टाकतो, पडदा पडंल."

ती म्हणाली, "हात सोड. बसायचंय मला."

"आक्का, गळा."

"सोड की ग."

मी सोडला. ती उठून बसली. शाल खांद्यावरनं खाली गेली, स्कार्फ नव्हता, गळ्यावरची रेघ उजेडात दिसत होती आणि तिनं ती झाकली नाही. प्रेक्षकांत कुणी हसलं नाही. मेलेली मुलगी उठून बसली आणि पाचसहाशे माणसांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मला ह्या गोष्टीचं अजून अप्रूप आहे. कुठल्या दुसऱ्या गावात हे झालं असतं?

ती गायली. ह्या खेपेला आवाज गरम झालेला, खरखर होती पण तिच्या आतनं काहीतरी सरळ चाललं होतं. "दार लोटू नका गं," आणि मी तिच्या गळ्याकडं बघत होते, 'अंगणात' जवळ आलं, आप्पांनी वळायला बोटं खाली आणली, आणि आक्का वळलीच नाही. ती वर गेली. आप्पांची बोटं मधेच अडली आणि धावत तिच्या मागं वर गेली. तिथं, त्या शेवटच्या पायरीवर, आवाज चिरला. खोटं कशाला सांगू, स्पष्ट चिरला, सगळ्यांना ऐकू आला. पण ती खाली उतरली नाही. चिरलेल्या आवाजानं तिथंच उभी राहिली, आणि चिरलेलाच सूर हळूहळू जुळून आला, आणि मग तो पूर्वीचा, मागच्या गल्लीतली कुत्री गप्प करणारा. मगच ती खाली आली. मगच मेली.

ह्या वेळी शांतता खरी होती. मॅडम नंतर म्हणाल्या, असली शांतता त्यांना शिकवता आली नसती. मी हात हातात घेतला. माझं एकच वाक्य. आणि आक्काचा हात तव्यासारखा तापलेला, घामानं ओला, आणि तिनं माझी बोटं एवढ्या जोरात दाबलेली की मला कळ आली. आणि मला म्हणायचं होतं, आई, हिचा हात गार पडला. मी म्हटलं. आयुष्यात एवढं मोठं खोटं मी इतक्या आनंदानं बोललेली नाही. मला वाटतं प्रेक्षक माझ्या रडण्याला टाळ्या वाजवत होते, आणि मी तर हसू दाबत होते, आणि रडतपण होते, दोन्ही एकाच तोंडानं.

पडदा पडल्यावर मॅडम तरातरा आप्पांकडं गेल्या. आम्ही सगळ्या मागं. आप्पा लहान मुलासारखे बसलेले. "हात गेला," म्हणाले, "मी न्हाई नेला." मॅडम त्यांच्यासमोर खाली बसल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या प्रयोगाला ठेवायचा का वन्समोर?"

"ठेवायचा नसतोय बाळ. यायचा असतोय."

पप्पा आम्हाला बाहेर भेटले, कारखान्याच्या खाकी कपड्यांतच, केसांत भुसा. ट्रॉल्यांच्या मागं अडकून पडलेले. "मी दारातनं आत शिरतोय तर लोकं वरडायलेत. मला वाटलं भांडण लागलं. मग बघतोय तर आक्का उठून बसली." त्यांनी गाणं एकदाच ऐकलं. दुसऱ्या खेपेचं. म्हणजे पप्पांच्या दृष्टीनं आक्का तिथं वळतच नव्हती, सूर चुकवतच नव्हती, पहिल्यापासनं सरळ वर जात होती. आम्ही कुणी त्यांना सांगितलं नाही. वस्तादांनी आक्काकडं लांबनं बघितलं, जिन्यातली पोरगी ओळखली, आणि नुसता एक शड्डू ठोकला, इस्त्रीच्या पँटवर.

त्या एप्रिलात जयंतीच्या स्टेजवर पहिलं गाणं आक्काचं झालं. मी खुर्च्या मोजायला उभी होते. मोजायची गरज पडली नाही, कुणी बसलंच नाही.

मग आक्काचं लग्न झालं. कुठं दिली, तर ऐका, कबनूरला. आप्पा लग्नात हे सगळ्यांना सांगत फिरत होते, मी म्हटलंच होतं, मी म्हटलंच होतं. सासरी खालच्या मजल्यावर कापडाचे माग. फोन केला की पलीकडनं खटखट खटखट, आणि त्याच्यावरनं आक्काचा आवाज, दिवसभर मागांच्या आवाजावर चढून बोलायची सवय लागलेला, कुणाला ऐकू जात नाही असं नाहीच. ती म्हणते, मागाला ठेका आहे, आप्पांच्या तबलजीपेक्षा बरा.

तर काजळीची ओढणी हातात घेऊन मी परवा तिला फोन लावला. कारण आदल्या दिवशी गौरीमॅडमचा मेसेज आलता. ह्या हंगामात नाटक परत करायचंय, तीच माडी, तेच आप्पा, मी दुसरी, रेश्मा थोरली. तिसरीसाठी नवी पोरगी बघू का, आक्काला आता संसार आहे, गळ्याचंही बघायला हवं, आप्पा म्हणतात चाल वळवूनच ठेवू, कुणालाच त्रास नको. मी हे सगळं आक्काला एका दमात सांगितलं. पलीकडं नुसती खटखट.

"आक्का?"

"हाय की. ऐकतोय." मग ती कुणालातरी म्हणाली, "वाईच बंद करा ओ." आणि खटखट थांबली. एवढी शांतता मी त्या घरातनं पहिल्यांदा ऐकली. त्या शांततेत ती म्हणाली, "मॅडमना सांग, मरायला येतोय म्हणावं. आणि आप्पांना सांग, चाल वळवायची न्हाय. पहिल्या खेपेलापण न्हाय."